शून्याचं टोक

म्हातारीनं टेपचं टोक सोडलं आणि पोलादी पट्टी सळसळत माघारी आली ती माझ्या बोटाचं मांस कापूनच डबीत शिरली. चूक तिची नव्हती. मी 'सोडा' म्हणालो असणार, सवयीनं, आणि त्याच सवयीनं अंगठा पट्टीवर ठेवायला हवा होता तो ठेवला नाही, कारण मी भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर फोटो होता. कुठल्यातरी सत्काराचा, गळ्यात हार, डोक्याला केशरी फेटा, आणि त्या फेट्याखालचं तोंड सत्यजीतचं होतं. रक्त आधी टेपवर, मग मनगटावर, मग फरशीवर पडलं. मोठ्या मापाची पांढरी फरशी, चांगली महागाची. दुखायला वेळ लागला. दुखायच्या आधी मला बरं वाटलं. याच्या घरात रक्त सांडलं, मग ते माझं का असेना.

घर या म्हातारीच्या, झुंबरबाईंच्या नावावर होतं. दौंडच्या पतसंस्थेनं कागद दिले त्यांवर एवढंच नाव होतं आणि पत्ता शिरूरचा, घोडनदीच्या अंगाचा. तारण कर्जासाठी मूल्यांकन. हेच माझं काम. जागा मोजायची, भिंतींना तडे शोधायचे, ओल कुठवर चढलीय ते हात लावून बघायचं, शेजारीपाजारी भाव विचारायचा, आणि कर्ज बुडालं तर हे घर विकून किती येतील ते लिहून द्यायचं. लोक आम्हाला सोफ्यावर बसवतात, पोह्यांवर खोबरं भुरभुरतात, आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून त्यांच्या घराची पडती किंमत मनात मांडत असतो. नीट बघितलं तर धंदा क्रूरच आहे. पण आजवर त्याबद्दल आमच्यावर कुणी हात उचलला नव्हता. हात उचलला तो आमचीच फी मागायला गेलो तेव्हा.

पतसंस्थांची कामं किरकोळ, त्यांवर पेट्रोल निघतं. पोट भरतं मोठ्या बँकांच्या कामावर, आणि मोठ्या बँका आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याला दारात उभं करत नाहीत. त्या काम देतात एजन्सीला. एजन्सी ते आम्हाला वाटते, उन्हातान्हात हिंडून आम्ही केलेल्या रिपोर्टावर आपला शिक्का मारते, बँकेकडून फी घेते आणि त्यातला आमचा वाटा आम्हाला देते. द्यायचा असतो. शिरूर-दौंडकडची सगळी कामं सत्यजीतच्या एजन्सीकडं होती. बँका त्याला पैसे वेळेवर देत होत्या, हे आम्ही बँकांत जाऊन विचारून आलो होतो. आमच्यापर्यंत ते येत नव्हते. त्याच्या ऑफिसात नीलम नावाची एक मुलगी होती, ती फोनवर इतक्या गोड आवाजात 'सर, प्रोसेसमध्ये आहे' म्हणायची की फोन ठेवल्यावर आपणच काही वावगं मागितलं असं वाटावं. आम्ही फिल्डवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. ग्रुपवर सगळे वाघ होते. सोमवारी सगळे मिळून शिरूरला धडकायचं ठरलं की सोमवारी सकाळी कुणाची सासू आजारी पडायची, कुणाची गाडी पंक्चर व्हायची. शेवटी गेलो आम्ही दोघं, मी आणि दत्ता.

दत्ता माझा जोडीदार. टेपला दोन टोकं असतात, एक शून्याचं आणि एक आकड्याचं. आकड्याचा माणूस एका जागी उभा राहतो. शून्यवाला टोक धरून मागं मागं जातो, आणि आकडेवाला त्याला सांगत राहतो, थोडं मागं, आणखी थोडं, बास. दत्ता शून्य धरायचा. मागं वळून बघायचा नाही. बघितलं की हात हलतो, माप चुकतं, असं त्याचं म्हणणं. विहिरींचे काठ, बिनकठड्याचे जिने, पायाचे खड्डे, आमच्या खुटबावात तर एकदा गोबरगॅसची उघडी टाकी. हा बाबा माझ्या तोंडाकडं बघत, तंबाखूची गोळी गालात धरून, माघारी चालत जायचा आणि मी बास म्हटलं की थांबायचा. एकदा त्याला म्हटलं, अरे, मला शिंक आली तर? तो म्हणाला, शिंकायच्या आधी सांग. पुढं मी लेझरचं यंत्र घेतलं. बटण दाबलं की अंतर. दत्ताचं काम उरलं नाही, तरी मोठी मापं आम्ही टेपनंच घ्यायचो. लेझरवर विश्वास नाही असं मी सांगायचो. खरं कारण ते नव्हतं.

शिरूरच्या बाजारपेठेत सत्यजीतचं ऑफिस. भर दुपार होती, समोर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. आम्ही बसलो, उठलो, परत बसलो. मग दत्ता म्हणाला, पैसं घेतल्याबिगर आज हलत न्हाई. सत्यजीत चिडला नाही. त्याला चिडलेलं मी कधीच बघितलं नाही. त्यानं सम्राट नावाच्या आपल्या माणसाला जेवायची वेळ झाली म्हणून शटर ओढायला सांगितलं आणि आम्हाला चौघांकडून दंडाला धरून बाहेर काढलं. शटर खाली येताना दत्तानं वाकून त्याची खालची कड धरली. उजव्या हातानं. सम्राटनं वरून पाय दिला. नुसता दिला नाही, उडी घेतली. मला दोघांनी शेजारच्या मोबाईलच्या दुकानाच्या काचेला गाल लावून दाबून धरलं होतं, त्यामुळं मला दिसलं नाही, ऐकू आलं. उसाचं वाळकं चिपाड पायाखाली यावं तसा आवाज. मग दत्ताचा. काचेच्या आत एक बाई मोबाईलचं कव्हर निवडत होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि दुसरं कव्हर उचललं. सत्यजीत बाजूच्या दारानं बाहेर आला, दत्ताच्या हाताकडं बघून त्यानं तोंडानं च्च केलं आणि म्हणाला, "मधी हात घालायचा नसतो रं." माझं लेझर फुटपाथवर पडलं होतं. त्यावर सम्राटनं जाता जाता टाच फिरवली. चौकीवर लिहून घेतलं की शटरमध्ये हात सापडला, आणि तसं बघितलं तर सापडलाच होता.

दौंडच्या डॉक्टरांनी हाडं तारांनी बांधली आणि सांगितलं की पुण्यात नेऊन मोठं ऑपरेशन करा, लवकर करा, नाहीतर बोटं अशीच राहतील, मूठ वळणार नाही. त्या दिवसापासून आमची अडकलेली फी म्हणजे नुसती फी राहिली नाही, दत्ताची मूठ झाली. रेल्वे कॉलनीच्या मागं त्याचं भाड्याचं घर. मी गेलो की तो बँडेजमधला हात उशीवर ठेवून बसलेला असायचा, खिडकीखालून डेमू गाडी जायची, भांडी खणखणायची. सविता वहिनी चहा द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. त्यांचं ते न विचारणं मला सहन व्हायचं नाही. घरी परतताना मी सत्यजीतला मारायचो. रोज मारायचो. गाडी चालवताना, अंघोळ करताना, बायको वीजबिलाबद्दल बोलत असताना. कधी हातोडीनं, कधी नुसत्या हातांनी, आणि एक मला विशेष आवडायचं ते म्हणजे त्याच्याच पांढऱ्या गाडीचं दार आणि त्याची बोटं, एकेक करून. मी सावकाश करायचो. त्याच्या तोंडून आवाज काढायचो आणि तो आवाज दत्ताच्या आवाजाशी जुळतो का बघायचो. शेवटी मीच घामेघूम व्हायचो. सकाळी उठलो की तो शिरूरमध्ये धडधाकट असायचा आणि त्याचा स्टेटस दिसायचा, वढूला समाधीवर फुलं वाहताना, कुणाच्या तरी वाढदिवसाला केक कापताना.

आणि आता मी त्याच्या घरात उभा होतो आणि त्याची आई माझ्या बोटाला हळद लावत होती. "माझ्याच हातनं सुटलं रं लेकरा," ती म्हणत होती. तिच्या पदरानं तिनं माझं मनगट पुसलं. तिचा राग यावा म्हणून मी तिच्या तोंडावर सत्यजीत शोधत राहिलो. नाक सापडलं. बाकी सगळं तिचं स्वतःचं होतं, उन्हानं रापलेलं, शेतात जन्म गेलेल्या बाईचं. पोरानं शेत विकून हे घर बांधलं, हे तिनंच सांगितलं. तिला पतसंस्थेतलं काही कळत नव्हतं, सह्या केल्यात म्हणाली. पोरगा दिवसभर ऑफिसात नाहीतर पुण्याला असतो, झोपण्यापुरता घरी येतो, कधी तेही नाही. मग मला जिन्याकडं वळताना बघून म्हणाली, "वर जाशील तवा जपून हां. म्होरला कठडा पाडलाय, गॅलरी वाढवायची म्हणून. गवंडी परवा पाडून गेला त्यो आलाच न्हाई."

"दादांना ठाव हाय का?" मी विचारलं. का विचारलं, ते तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

"त्येला कुठं वर चढाया सवड," ती म्हणाली आणि त्यालाच फोन लावायला गेली, इंजिनिअर आल्याचं कळवायला. तो वाटेतच होता. मला तेव्हा निघून जाता आलं असतं. बोट कापलंय, उद्या येतो, इतकं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी निघालो नाही. मी स्वयंपाकघर मोजलं. देवघर मोजलं. सत्यजीतच्या खोलीत त्याच्या पलंगाशेजारी उभा राहून खिडकीच्या कोपऱ्यातला तडा नखानं उकरला. बोटातून अजून पाझरत होतं, हळद भिजून चिकट झाली होती. हे सगळं काही वर्षांनी विकायला निघेल तेव्हा काय येईल, ते मी मांडत होतो. माणसांचंही तसंच करायची मला खोड लागली आहे. दात, पोट, केस, किती झीज झालीय, किती वर्षं उरलीत. सत्यजीतची किंमत मी अनेकदा केली होती. चाळिशी गाठली नव्हती, बांधा भक्कम, देखभाल उत्तम. बराच टिकणारा माणूस.

मला आमचे आप्पा आठवत होते. आमच्या घरातली शेवटची मेंढरं त्यांनी विकली तेव्हा मी शाळेत होतो, पण त्याआधी वर्षातून एकदा खंडोबाला मेंढा द्यायचे ते मला लख्ख आठवतं. मेंढा उभा करायचे, कपाळाला भंडारा लावायचे आणि त्याच्या अंगावर पाणी शिंपडून सगळे गप्प उभे राहायचे. मेंढ्यानं अंग झाडलं की कौल मिळाला. म्हणजे तो हो म्हणाला. नाही झाडलं तर थांबायचे, परत शिंपडायचे. मी एकदा आप्पांना म्हणालो की पाणी गार आहे म्हणून तो झाडतो. आप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "व्हय. पण आपल्याला इचारायला पायजे ना." एवढ्या वर्षांत ते वाक्य मला कधी कळलं नाही आणि त्या दिवशी सत्यजीतच्या पलंगाशी उभं राहून मला त्याचा राग आला. कुणाला विचारत होते? ज्याला अंग झाडण्याशिवाय काही येत नाही त्याला?

खाली गाडीचं दार वाजलं. दाराचा तो आवाज माझ्या इतक्या ओळखीचा होता की माझी बोटं आपोआप आखडली. सत्यजीत आत आला, मला बघून क्षणभर थबकला आणि मोकळेपणानं हसला. "मल्हारी व्हय! मला वाटलं, पतसंस्था कुठला म्हातारा पाठवतीय." आईच्या पाया पडला. मला पाणी दिलं का विचारलं. त्याच्या वागण्यात लाज, संकोच, भीती असलं काहीच नव्हतं, आणि नाटकही नव्हतं. हेच मला कधी समजलं नाही. आपण ज्याला रोज मारतो त्या माणसाच्या दिवसात आपण नसतोच. मग त्यानं मला खांद्यावर हात टाकून जिन्यापाशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. बँका तक्रारी करतायत, एजन्सीचं काम जाईल अशी वेळ आलीय, हे कर्ज झालं पाहिजे. वर पत्र्याची शेड आहे ती पक्का मजला म्हणून धरायची. "आकडा नीट बसव. कर्ज पडलं की पयलं तुमचं सगळ्यांचं मिटवतो. आईशप्पथ."

म्हणजे माझी फी मला मिळावी म्हणून मी खोटं लिहायचं. पत्र्याला सिमेंट म्हणायचं. पुढं हे कर्ज बुडणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि बुडालं की म्हातारी या पांढऱ्या फरशीवरून उठून कुठं जाणार हे त्याला ठाऊक असावं, त्यानं विचार केला नसेल एवढंच. मी म्हणालो, "दत्ताच्या हाताचं ऑपरेशन हाय."

"त्याचं वाईट वाटतं मला," तो म्हणाला. खरंच वाटत असावं. "पण त्यानं पण मधी हात घालायचा नव्हता ना." मग माझ्या हातातली टेप बघून हसला. "हे काय, जुनाट? लेझर कुठंय तुझं?"

त्याला आठवतच नव्हतं.

"चल, वर मोजू. जोडीदार न्हाई आणला? आण, मी धरतो टोक."

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. पत्र्याची शेड मागच्या अंगाला, पुढं मोकळा स्लॅब, आणि स्लॅबच्या पुढच्या कडेला कठडा नव्हता. विटांचा चुरा तसाच पडलेला, कड दातरल्यासारखी. त्याच्याखाली मजलाभर खोल पोर्चचं अर्धवट छत होतं, खांबांच्या सळया उघड्या, वर तोंड करून उभ्या. सत्यजीतचं कडेकडं लक्ष गेलं का? त्या बाजूनंच आम्ही दोघंही चढून आलो, त्याच्या डोळ्यांसमोरच होती ती. पण त्याचा फोन वाजला, त्यानं तो खांदा आणि कानाच्या मध्ये धरला आणि टेपचं टोक हातात घेऊन माझ्याकडं तोंड केलं. मी शेडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. "थोडं मागं," मी म्हणालो. तो मागं सरकला. फोनवर तो कुणाला तरी मटणाचं सांगत होता, किती माणसं, पाया वेगळा काढून ठेवा. टेप धरली की माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघतो. का ते मला अजून कळलेलं नाही. शाळामास्तर असो, सरपंच असो, ज्याचे पैसे बुडवले त्याच्यासमोर उभा असो, शून्य हातात आलं की तो पोरासारखा तुमच्या तोंडाकडं बघायला लागतो आणि तुम्ही म्हणाल तसं सरकतो. सत्यजीत माझ्याकडं बघत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बघत होता. "आणखी थोडं." पट्टी माझ्या हातातून सरकत होती, कापलेल्या बोटाखालून, आणि तिच्यातून त्याच्या हाताचं हलणं मला कळत होतं. त्याच्या मागं आता एक पाऊल होतं. फार तर दीड. बास हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. वर्षानुवर्षं तो आपोआप येत आला होता, मला तो कधी उच्चारावा लागला नव्हता. मी तो तसाच धरून ठेवला. काही ठरवलं नव्हतं. मग त्याच्या मानेवर घाम ओघळला असावा, किंवा फोन घसरत होता, त्यानं खांदा उडवून अंग झाडलं.

मी म्हणालो, "आणखी थोडं मागं." दत्ताला म्हणायचो त्याच आवाजात.

त्याची टाच चुऱ्यावर पडली, चुरा निसटला. तो ओरडला नाही. त्याच्या तोंडावर भीतीही आली नाही, नुसतं नवल आलं. त्यानं टेप सोडली नाही, उलट घट्ट धरली, जणू मी ओढून घेईन. मी ओढली नाही. पट्टी कडकन दुमडली, मग सुटली आणि सळसळत माघारी आली, शून्याच्या टोकाचा हूक माझ्या तळव्यात येऊन रुतला. खालून आधी फोन आपटल्याचा आवाज आला, मग त्याचा. आणि मी, सांगतो ते खरं सांगतो, कडेकडं धावलो नाही. तो जायच्या आधी पट्टीवर कोणता आकडा होता तो मी मनात दोनदा म्हटला, विसरू नये म्हणून. मग पुढं होऊन वाकलो. तो पोर्चच्या छतावर वाकडा पडला होता. एक सळई त्याच्या मांडीतून वर आली होती आणि तिच्या टोकावर त्याच्या पँटचा कापडी तुकडा होता. रक्त फार भराभर पसरत नव्हतं. तो वर बघत होता. तोंड उघडत होता, मिटत होता. मला वाटलं होतं की आतून काहीतरी उसळेल, इतक्या महिन्यांचं. काही उसळलं नाही. हे आता खाली उतरवायचं कसं, एवढंच वाटलं.

शेजारच्या माणसांना हाका मारून, शिडी लावून, सळई कटरनं कापून त्याला खाली घेतलं. कटरच्या ठिणग्या त्याच्या पायावर पडत होत्या आणि त्याचा पाय मी धरला होता. तो आवाज करत होता तो मी ऐकला, अगदी जवळून. दत्ताच्या आवाजाशी जुळला नाही. कुणाचाच कुणाशी जुळत नसावा. त्याचीच पांढरी गाडी मी चालवली, मागच्या सीटवर त्याचं डोकं झुंबरबाईंच्या मांडीवर. ती खंडोबाला, जोतिबाला, सगळ्यांना एका दमात हाका मारत होती. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते. मी हॉर्न दाबून धरला होता. आरशात त्याचे डोळे दिसले.

"बघत व्हतास तू," तो म्हणाला. ओठ हलले तेवढंच, पण मला कळलं.

"व्हय," मी म्हणालो.

म्हातारीनं ऐकलं असेल तर तिला वाटलं असेल की धीर देतोय. दवाखान्याच्या दारात तिनं माझे दोन्ही हात धरले आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं की या लेकरानं आणला म्हणून वाचला. स्ट्रेचरवरून आत जाताना सत्यजीतनं डॉक्टरांना सांगितलं, पाय घसरला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर टिंग वाजलं. माझी सगळी फी आली होती, अडकलेली सगळी. थोड्या वेळानं दत्ताचा फोन आला, त्याचीही आली होती. ग्रुपवर बाकी कुणालाच काही आलं नव्हतं. तिथं दिवसभर बोलणं चाललं की मल्हारीनं वरून कुणाचा तरी फोन लावला असणार, आमदाराचा असणार. मी ग्रुप सोडला. पतसंस्थेचा रिपोर्ट मी खरा लिहिला, पत्र्याची शेड पत्र्याचीच लिहिली, पुढची मापं अचूक घातली. एक माप मला न बघता पाठ होतं. पोलीस येतील म्हणून मी काही दिवस दारावरच्या प्रत्येक आवाजाला दचकत होतो. कुणी आलं नाही. चौकीवर लिहिलं असेल की पाय घसरला, आणि तसं बघितलं तर घसरलाच होता.

दत्ताचं ऑपरेशन पुण्यात झालं. मूठ पूर्ण नाही, पण वळायला लागली. तो घरी आल्यावर मी गेलो. सविता वहिनींनी शिरा केला होता आणि पहिल्यांदाच भरभरून बोलत होत्या, कुठल्या नर्सनं काय केलं, कोणत्या वॉर्डात ढेकूण होते. त्या आत गेल्यावर दत्तानं विचारलं, "खरं सांग. काय केलंस?" मला ते कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि माझ्या जगात ते समजेल असा एकच माणूस होता. मी सांगितलं. शून्य त्याच्या हातात होतं, मागं कड होती, मला दिसत होती, आणि मी आणखी थोडं मागं म्हणालो. खालून डेमू गेली, भांडी खणखणून थांबली. मग दत्तानं डाव्या हातानं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "लई बरं केलंस," तो म्हणाला, "मी आस्तो तर ढकललाच आस्ता." आम्ही दोघं हसलो. मी बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतला. त्याच्यासाठीच केलं होतं ते सगळं, असं मला त्या संध्याकाळी अगदी मनापासून वाटलं.

हिवाळ्यात आम्ही परत कामाला लागलो. पहिलं काम दौंडमधलंच, एका रिटायर्ड गार्डाचं घर, मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज. मी नवं लेझर घेतलं होतं, पण ते पिशवीतच ठेवलं. टेप काढली. दत्तानं शून्याचं टोक डाव्या हातात घेतलं, तंबाखूची गोळी गालात सरकवली. मी दाराशी उभा राहिलो, पट्टी ताणली, सगळं अगदी पहिल्यासारखं होतं.

"थोडं मागं," मी म्हणालो.

दत्तानं मान वळवून मागं बघितलं. झोपायची साधी खोली होती ती. त्याच्या मागं भिंत होती.